वल्ह्याचे खेळ आणि आम्ही वऱ्हाडी

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं कित्येकांना हंसूं आलें असेल. विषय वल्ह्याच्या खेळांचा, आणि त्यावर बोलणार कोण, तर तेल्हाऱ्याचा एक निवृत्त शाळामास्तर! समुद्र आमच्यापासून शेंकडों मैल दूर. जमीन काळी, कपाशीची. अकोल्याच्या उन्हाची कीर्ति मी सांगावयास नको. आणि पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्ट्यांत तर विहिरीला पाणी लागलें तरी तें तोंडांत धरवत नाहीं. अशा मुलखांतील माणसानें नावेच्या गोष्टी सांगाव्या, हें उपाशी मंडळींसमोर पक्वान्नांची यादी वाचण्यासारखें दिसेल, हें मी जाणून आहें.

पण थोडा विचार करून पाहा. आमच्या आजोबांच्या काळीं नव्हतें एवढें उघडें पाणी आज वऱ्हाडांत साठलेलें आहे. सातपुड्यांतून उतरणाऱ्या वान नदीला वारीजवळ बांध घालून हनुमान सागर निर्माण झाला. अंजनगांवकडे शहानूरचें धरण झालें, महानला काटेपूर्णेचें झालें, मोर्शीजवळ सिंभोऱ्यास अप्पर वर्धेचा विस्तीर्ण जलाशय झाला. याशिवाय अलीकडे शेतोशेतीं शेततळीं झालीं. पाणी असें दारापर्यंत आलें, परंतु त्याची आणि आमची ओळख कांहीं झाली नाहीं. पाणी प्यावें, पिकाला द्यावें, एकादशीला त्यांत बुडी मारावी, एवढाच आमचा त्याच्याशीं व्यवहार. पोरगें नदीकडे निघालें कीं आई ओरडते, "पाण्याकडे जाऊं नको रे!" आणि पोरगें हटकून जातें, फक्त सांगून जात नाहीं, इतकेंच.

या अनोळखीपणाची किंमत आपण दर वर्षीं देतों. १४ सप्टेंबर १९२१ नव्हे, अगदीं परवांच्या २०२१ सालची गोष्ट. अमरावती जिल्ह्यांत वरूड तालुक्यांतील झुंज येथें वर्धा नदींत नाव उलटली आणि अकरा माणसांना जलसमाधि मिळाली. दशक्रियेसाठीं जमलेल्या नातलगांपैकीं तीं माणसें होतीं. एका दुःखाला आलेलीं माणसें दुसरें दुःख मागें ठेवून गेलीं. नदी तीच, जिच्या कांठीं त्यांचे वाडवडील राहिले. शेततळ्यांचें तर विचारूंच नका. तळ्याला पाणी जिरूं नये म्हणून प्लॅस्टिकचें अस्तर घालतात. तें ओलें झालें म्हणजे शेवाळलेल्या फरशीपेक्षां निसरडें होतें. बरा पोहणारा मुलगाहि त्या उतारावरून वर चढूं शकत नाहीं. कांठावर खुंटी ठोकून गांठी मारलेला एक जाड दोर पाण्यांत सोडून ठेवला तर जीव वांचतो. दोराला लागतात शे-दोनशे रुपये. किती शेततळ्यांवर असा दोर आपण पाहिला आहे, हें ज्यानें त्यानें आपल्या मनाशीं आठवावें.

आतां मी खेळाकडे वळतों. कारण पाण्याशीं ओळख करून घेण्याचा खेळाइतका चांगला मार्ग दुसरा नाहीं, असें माझें मत आहे. आणि या मताला आधार म्हणून मी समुद्रकांठच्या कोळ्याचें उदाहरण घेत नाहीं; आपल्यासारख्याच कोरड्या गांवच्या एका मुलाचें घेतों.

नाशिक जिल्ह्यांत चांदवड तालुक्यांत तळेगांव रोही नांवाचें खेडें आहे. दुष्काळी टापू. तेथील दत्तू बबन भोकनळ हा मुलगा. वडील मजुरी करीत, विहिरी खणण्याचें काम करीत. मुलानेंहि त्या कामावर घाम गाळला, पेट्रोलपंपावर नोकरी केली. वडील गेल्यावर घराचा भार अंगावर आला, आणि २०१२ सालीं तो लष्करांत भरती झाला. पुण्याजवळ खडकीला बॉम्बे सॅपर्स म्हणून इंजिनिअरांची जी प्रसिद्ध पलटण आहे, तींत. उंची सवासहा फुटांच्या वर. ती उंची पाहून तेथील शिक्षकांनीं त्याला होडी वल्हविण्यास घातलें. ज्याला विहिरीच्या तळाशीं पाणी पाहण्याची संवय, त्याला नदीच्या मध्यभागीं एका हातभर रुंद होडींत बसविलें! त्याला पोहतां येत नव्हतें. पाण्याची भीति वाटे. हें त्यानें स्वतःच नंतर अनेकांना सांगितलें आहे. परंतु तीनच वर्षांत, २०१५ सालीं, त्यानें बीजिंग येथील आशियाई स्पर्धेंत रौप्यपदक घेतलें, आणि २०१६ सालीं रिओच्या ऑलिंपिकमध्यें एकट्यानें वल्हविण्याच्या शर्यतींत तो जगांत तेरावा आला. त्या वेळीं त्याची आई अपघातानें अंथरुणाला खिळलेली होती, मुलाला ओळखण्याइतकीहि शुद्धि तिला नव्हती.

तेरावा क्रमांक म्हटला कीं आपण नाक मुरडतों. पदक नसेल तर वर्तमानपत्रांत चार ओळीहि येत नाहींत. परंतु दोन हजार मीटरांचें अंतर सात मिनिटांच्या आंत एकट्याच्या दंडांनीं कापणें म्हणजे काय, याची कल्पना ज्याला हवी असेल त्यानें घड्याळ लावून तितकीं मिनिटें नुसत्या उठाबशा काढून पाहाव्या. पुढें २०१८ सालीं पालेंबंगच्या आशियाई खेळांत हाच दत्तू एकेरी शर्यतींत आजारपणामुळें सर्वांच्या मागें पडला, आणि दुसऱ्याच दिवशीं, २४ ऑगस्टला, तिघां सोबत्यांबरोबर चौघांच्या होडींत बसून सुवर्णपदक घेऊन आला. आजारी माणसानें एका रात्रींत बळ कोठून आणलें, हें मला सांगतां येणार नाहीं; मात्र शेजारीं तिघे वल्हवीत असतांना चौथ्याला थांबतां येत नाहीं, हा या खेळाचा स्वभाव आहे.

वल्ह्याचे खेळ अनेक आहेत, आणि सामान्य माणूस सर्वांना 'बोटिंग' या एका शब्दांत गुंडाळतो. थोडा भेद सांगतों. दत्तूच्या होडींत वल्हें होडीच्या बाजूस अडकविलेलें असतें, आणि वल्हविणारा पाठमोरा बसतो. म्हणजे होडी पुढें जाते आणि तो पाहतो मागें! बैठक खालीं चाकांवर पुढें-मागें सरकते, म्हणून खरें काम हातांचें नसून पायांचें असतें. हात शेवटीं येतात. प्रत्येक माणसाच्या हातीं एक वल्हें असेल तर तो एक प्रकार, दोन असतील तर दुसरा. शाळेंतील विज्ञानाच्या पुस्तकांत तरफेचे तीन वर्ग दिलेले असतात तेथें वल्हें दुसऱ्या वर्गांत घातलेलें आढळतें, अडकित्त्याच्या शेजारीं. मुलांना हें नेहमीं चमत्कारिक वाटतें. टेकू कोठें आहे, असें विचारलें कीं मुलें होडीच्या कांठाकडे बोट दाखवितात. वास्तविक टेकू पाण्यांत आहे. वल्ह्याचें पातें पाण्यांत जवळ जवळ स्थिर राहतें, आणि त्याच्या आधारानें होडीच पुढें सारली जाते. आपण पाणी मागें लोटतों असें वाटतें खरें, पण चांगला वल्हविणारा पाण्याला धरून स्वतःला ओढून नेत असतो. हें एकदां ध्यानांत आलें म्हणजे पाण्यावर उगाच फटके मारण्याची नवशिक्याची खोड आपोआप जाते.

दुसरा प्रकार कयाकचा. ही उत्तर ध्रुवाकडील इनुइट लोकांची होडी. समुद्रांतून वाहून आलेलें लाकूड किंवा हाडें यांचा सांगाडा करून त्यावर सील माशाचें कातडें ते ताणून बसवीत (सीलला आपण मासा म्हणतों, तो आहे मात्र सस्तन प्राणी) आणि कमरेपर्यंत आंत शिरून शिकारीस निघत. येथें वल्हें मोकळें असतें आणि त्याला दोन्ही टोकांना पातीं असतात; एकदां उजवीकडे, एकदां डावीकडे. बसणाऱ्याचें तोंड पुढें. कनू म्हणजे तिची चुलत बहीण: गुडघ्यावर बसावें, एकाच पात्याचें वल्हें घ्यावें, आणि एकाच बाजूनें वल्हवीत सरळ जावें. हें 'एकाच बाजूनें सरळ' जाणें हीच त्यांतील विद्या. प्रत्येक फटकाऱ्याच्या शेवटीं मनगट किंचित् वळवून नावेचें तोंड सरळ करावें लागतें. आपले भोई आणि नावाडी पिढ्यान् पिढ्या हेंच करीत आले. वैनगंगेकडे एका झाडाच्या खोडांतून कोरलेल्या डोंग्यांत उभा राहून एकच वल्हें मारणारा ढीवर आपण पाहिला असेल, तर जगांतील कोणत्याहि कनूवाल्याला तो हार जाणार नाहीं हें आपण कबूल कराल. आणि अलीकडे निघालेली, लांब फळीवर उभें राहून वल्हविण्याची जी हवाईकडील तऱ्हा आहे, ती पाहून आमचा डोंगेवाला म्हणेल, यांत नवें तें काय?

युरोपांत या खेळाचें वेड लावलें तें जॉन मॅकग्रेगर नांवाच्या एका स्कॉटिश वकिलानें. १८६५ सालीं त्यानें 'रॉब रॉय' या आपल्या छोट्या होडींतून युरोपांतील नद्या व तलाव पालथे घातले आणि त्यावर पुस्तक लिहिलें. त्याच्याहूनहि अचाट गोष्ट ऑस्कर स्पेक या जर्मनाची. १९३२ सालीं जर्मनींत काम मिळेना, म्हणून घडी घालतां येणारी एक कयाक घेऊन तो उल्म गांवाहून डॅन्यूब नदींत उतरला. तेथून भूमध्य समुद्र, मग युफ्रेटिस, मग इराणचें आखात. पुढें हिंदुस्थानचा किनारा धरून सिंहलद्वीप, ब्रह्मदेश, जावा असें करीत करीत सात वर्षांनीं, १९३९ च्या सप्टेंबरांत, तो ऑस्ट्रेलियाच्या हद्दींत पोहोंचला. तोंवर महायुद्ध सुरू झालेलें! शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्याला पकडण्यांत आलें आणि युद्ध संपेपर्यंत तो अटकेंत राहिला. अशा माणसाला शहाणा म्हणावें कीं वेडा, याचा निवाडा मी श्रोत्यांवर सोंपवितों.

१९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकमध्यें कयाक आणि कनू यांना प्रथमच पदकांचा मान मिळाला. त्याच वर्षीं त्याच शहरीं आपल्या अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचें पथकहि गेलें होतें आणि त्यानें हिंदी खेळांचीं प्रात्यक्षिकें करून दाखविलीं होतीं, हें वऱ्हाडांतल्या माणसाला अभिमानानें सांगावेंसें वाटतें. मल्लखांबाला वऱ्हाडांत घर मिळालें. वल्ह्याला तेवढें मिळालें नाहीं.

परंतु महाराष्ट्रांत तें मुळींच नाहीं असें मात्र नव्हे. पावसाळ्यांत कृष्णा भरून वाहूं लागली कीं सांगली, सांगलीवाडी, कसबे डिग्रज या भागांत होड्यांच्या शर्यती लागतात. लांब, अरुंद होड्या, गांवोगांवचे तरुण, आणि दोन्ही कांठांवर यात्रेसारखी गर्दी. कोणाची होडी पहिली आली याची चर्चा पुढें दिवाळीपर्यंत चालते. मला या शर्यती फार आवडतात, कारण त्या कोणीं बाहेरून आणून बसविलेल्या नाहींत. नदी, गांव आणि ईर्षा या तीन वस्तु असल्या कीं त्या आपोआप उभ्या राहतात. केरळांत हेंच थोर प्रमाणावर आहे. तेथें शंभर फुटांहून लांब सर्पाकृति नौका असतात, शंभराच्या आसपास माणसें एका गाण्याच्या ठेक्यावर वल्हीं मारतात. १९५२ सालीं पंडित नेहरू अलप्पुझा येथें ती शर्यत पाहण्यास गेले आणि उत्साहाच्या भरांत जिंकलेल्या नौकेंत उडी मारून बसले. पुढें त्यांनीं नौकेच्या आकाराचा चांदीचा चषक पाठविला. त्यांच्याच नांवानें ती शर्यत अजून भरते.

पुण्यास इंजिनिअरिंग कॉलेजच्या बोट क्लबाचा नौकोत्सव १९२८ पासून चालत आला आहे. संगमाजवळ मुठेच्या पात्रांत विद्यार्थी कयाकांचें नृत्य करतात, होड्यांच्या रचना करतात, अंधार पडल्यावर मशाली नाचवितात. पाहणारा थक्क होतो. पुण्याच्या नद्यांच्या पाण्याची आजची अवस्था मात्र काय सांगावी! ज्या नदींत हात बुडविण्यास मन धजत नाहीं तेथें तीं मुलें होड्या घालतात. नदी स्वच्छ करा म्हणून सांगण्याचा अधिकार खरोखर कोणाला असेल तर तो त्या वल्हविणाऱ्या मुलांना आहे. दापोडीस लष्कराच्या इंजिनिअरिंग महाविद्यालयांत वल्ह्याचें जें शिक्षणकेंद्र आहे तेथें दत्तूसारखे अनेक तयार झाले.

आतां एका विलक्षण नदीकडे आपणांस नेतों. रायगड जिल्ह्यांत कोलाडजवळून कुंडलिका वाहते. येथें हवा भरलेल्या रबरी तराफ्यांत बसून, हातांत एकेक वल्हें घेऊन, खळाळत्या पाण्यांतून दहाबारा किलोमीटर खालीं जाण्याचा खेळ चालतो. उन्हाळ्यांत, जेव्हां सह्याद्रींतील इतर नद्या दगडांची माळ होऊन पडतात, तेव्हांहि कुंडलिकेला रोज पाणी असतें. हें कसें? तर मुळशीच्या धरणाचें पाणी डोंगर फोडून पलीकडे भिरा येथें खालीं सोडलेलें आहे. १९२७ पासून तें तेथें विजेचीं चक्रें फिरवितें आणि काम संपलें कीं कुंडलिकेंत येतें. मुंबईला वीज हवी झाली कीं पाणी सुटतें. तें सकाळीं सुटलें कीं पाठोपाठ तराफे निघतात. म्हणजे या नदीची भरती चंद्र ठरवीत नाहीं, मुंबईचे दिवे ठरवितात!

तें मुळशीचें धरण होऊं नये म्हणून १९२१ ते १९२४ या काळांत मावळ्यांनीं सत्याग्रह केला, सेनापति बापट तुरुंगांत गेले. अखेर गांवें पाण्याखालीं गेलीं. मी या खेळाच्या विरुद्ध नाहीं. आपण अवश्य जावें, मुलांना न्यावें. पण तराफा निघण्यापूर्वीं तेथील तरुण शिक्षक जीवरक्षक जाकीट कसें बांधावें हें सांगतात, तेव्हां आपण पालकांनीं मुलांना हें पाणी कोठून आलें तेंहि सांगावें. दोन वाक्यें पुरेत.

समुद्रकिनाऱ्यावर गेल्यावर प्रकरण निराळें होतें. वल्हें हें आपल्या किनाऱ्यानें युद्धांतहि वापरलेलें शस्त्र आहे. आंग्र्यांच्या आरमारांतील गलबतें शिडांबरोबर वल्ह्यांवरहि चालत. एकेकावर चाळीस-पन्नास वल्हीं असत. वारा पडला कीं जड गुराबांना दोर बांधून हीं गलबतेंच ओढून नेत, आणि शिडावर विसंबलेलें परकी जहाज जागच्या जागीं तटस्थ उभें राही.

आजचा हौशी माणूस तारकर्लीला कर्ली नदीच्या मुखाशीं कयाक घेतो, किंवा गोव्याच्या खाडींत कांदळवनांतून हिंडतो. माझ्या मतें नवशिक्या घरच्या मंडळींनीं समुद्राऐवजीं खाडीच निवडावी. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडींत तेथील स्त्रियांच्या बचतगटानें हातीं वल्हीं घेऊन पाहुण्यांना तिवरांच्या राईंतून फिरविण्याचा उद्योग चालविला आहे. इंजिनाचा आवाज नाहीं, धूर नाहीं. म्हणून खंड्या पक्षी फांदीवरून हालत नाहीं आणि चिखलांतले खेकडे बिळांत पळत नाहींत. यंत्राची भरधाव नौका आणि वल्ह्याची होडी यांत मला तर टांगा आणि पायीं फिरणें यांतला फरक दिसतो. टांग्यांतून गांव ओलांडतां येतें. गांव पाहावयाचें तर पायींच हिंडावें लागतें.

खाडींत उतरणाऱ्यानें दोन गोष्टी शिकाव्या. पहिली भरतीची वेळ. यासाठीं कोंकणांतल्या जुन्या माणसांचें एक सोपें गणित आहे: तिथीला पाऊणनें गुणावें. अष्टमी असेल तर आठ पाऊण सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती; पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधरा पाऊण सव्वाअकरा. पुढें सुमारें सहा तासांनीं ओहोटी. स्थळपरत्वें थोडा फरक पडतो, म्हणून तेथल्या कोळ्याला विचारावें हें उत्तम. पण पंचांग आणि पाऊणकी एवढ्या सामग्रीवर समुद्राचें घड्याळ वाचतां येतें, ही गोष्ट मुलांना सांगण्यासारखी नाहीं काय? पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतें, पाण्याची ओढ जोराची असते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, पाणी सौम्य असतें. नवशिक्यानें भांगाचे दिवस धरावे, आणि परतीचा प्रवास पाण्याच्या ओढीबरोबर होईल असा बेत करावा.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. भूगोलाच्या पुस्तकांतले खारे वारे आणि मतलई वारे आपण परीक्षेपुरते पाठ केले. तेथें ते अंगावर येतात. पहांटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा इतका मंद आणि गोड असतो कीं त्याच्या ओढीनें आपण किनाऱ्यापासून किती दूर आलों हें कळत नाहीं. जातांना सोपें गेलें म्हणजे येतांना कठीण जाईल, एवढें मनांत बाळगलें तर कयाकवाल्याचीं निम्मीं संकटें टळतात. पावसाळ्यांत तर किनाऱ्यावरचे हे सगळे खेळ बंदच ठेवलेले असतात, आणि तें योग्यच आहे.

येथपर्यंत ऐकून कोणी गृहिणी म्हणेल, मास्तर, हें सगळें दंडांत बळ असलेल्या मुलग्यांचें झालें. तसें नाहीं. ग्वाल्हेरच्या प्राची यादव या मुलीचें नांव आपण ऐकलें असेल. कंबरेखालच्या भागांत जन्मतःच बळ नाहीं. प्रथम ती पोहावयास शिकली, मग भोपाळच्या तलावावर तिनें कयाक हातीं घेतली. २०२१ मध्यें झालेल्या टोकियोच्या पॅरालिंपिकमध्यें ती अंतिम फेरींत पोहोंचली, आणि २०२३ सालीं हांगझोऊच्या आशियाई पॅरा खेळांत तिनें सुवर्णपदक घेतलें. जमिनीवर जिला चाकाची खुर्ची लागते ती पाण्यावर आपणां सर्वांना मागें टाकील. त्याच वर्षीं आशियाई खेळांत कनूच्या शर्यतींत अर्जुनसिंग याच्या जोडीनें कांस्यपदक मिळविणारा सुनीलसिंग सलाम हा मणिपुरांतील लोकटाक सरोवरावरच्या मासेमाराचा मुलगा. बापाची नाव हीच त्याची पहिली शाळा. मग आमच्या भोयांच्या मुलांना ती शाळा कां मिळूं नये? पूर्णेच्या आणि वर्धेच्या कांठीं ज्यांच्या घरांत पिढीजात वल्हें टांगलेलें आहे तीं मुलें आज पोटासाठीं शहरांत जातात, आणि जलाशयावर फिरती नाव सुरू करावयाची झाली कीं चालक बाहेरून आणावा लागतो. मला हें फार खटकतें.

खर्चाचा प्रश्न खरा आहे. शर्यतीची होडी लाखांच्या घरांत जाते. परंतु आपल्याला शर्यत कोठें मारावयाची आहे? चिखलदऱ्यास शक्कर तलावावर नौकाविहाराची सोय आहे. रामटेकजवळ खिंडसीचा तलाव त्यासाठीं प्रसिद्धच आहे. तेथें एखाद्या दिवशीं पेडलच्या होडीऐवजीं वल्ह्याची होडी मागून पाहा. आमच्या वानच्या जलाशयावर मात्र हवें तेव्हां नाव घालावी असें मी म्हणणार नाहीं. तें पाणी गांवोगांव पिण्यास जातें आणि वरचें अंग मेळघाटच्या रानाला लागून आहे. पण जिल्ह्यांतल्या एखाद्या सोयीच्या तलावावर, सरकारी परवानगीनें, जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखालीं, शाळांच्या मुलांसाठीं हिंवाळ्यांत चार होड्या ठेवणें अशक्य आहे काय? एका शाळेला तें झेपणार नाहीं. दहा शाळांना झेपेल.

तोंवर घरच्या घरीं करण्यासारखें पुष्कळ आहे. मुलामुलींना आधीं पोहावयास शिकवा. पोहतां येत असलें तरी नावेंत बसतांना जाकीट घालावयास लावा. जाकीट नुसतें अंगावर टाकून उपयोग नाहीं. सगळे पट्टे आवळून, मग दुसऱ्यानें दोन्ही खांदे धरून वर उचलून पाहावें. तें कानापर्यंत सरकलें तर तें त्या मुलाच्या मापाचें नाहीं. नावेंत उभें राहूं नये, आणि छायाचित्रासाठीं सगळ्यांनीं एका कडेला जमूं नये. नावाड्यानें आणखी चार माणसें घेतलीं तर आपण उतरावें. पुढच्या खेपेला जावें. कोणी बुडतांना दिसलें तर पाठोपाठ उडी घेऊं नये, कारण बुडणारा माणूस वांचविणाऱ्याला मिठी मारतो. दोर फेकावा, वल्हें पुढें करावें, कांहींच नसलें तर लुगडें किंवा उपरणें फेकावें आणि आपण कांठावर पालथें पडून ओढावें. वाहत्या पाण्यांत स्वतःच पडलों तर उभें राहण्याचा प्रयत्न करूं नये, पाय दगडांत अडकतो. पाठीवर पडून पाय प्रवाहाच्या दिशेला पुढें ठेवावे आणि हातांनीं कांठाकडे सरकत जावें.

आणि तलावांत होडी उलटली तर? होडी सोडूं नये. कांठ कितीहि जवळ वाटला तरी सोडूं नये. उलटलेली होडीहि बहुधा तरंगते, आणि शोधणाऱ्याला पाण्यांतल्या माणसाच्या डोक्यापेक्षां ती आधीं दिसते. म्हणूनच कयाक शिकविणारे चांगले शिक्षक पुष्कळदां पहिल्या दिवशीं वल्हवावयास शिकवीतच नाहींत. उथळ पाण्यांत मुलाला होडींत बसवितात आणि ती मुद्दाम उलटवितात. पहिल्या वेळीं पोर नाकातोंडांत पाणी जाऊन रडतें. दुसऱ्या वेळीं होडी धरून राहतें. तिसऱ्या वेळीं तेंच म्हणतें, "सर, पुन्हा एकदां उलटवा ना!"